काटा थंडच होता

परवा ह्यांचा निरोप समारंभ झाला. खाणीच्या ऑफिससमोर मांडव घातला होता, माइकवाला बोलावला होता, आणि ज्यांना आयुष्यात कधी पाना नीट धरता आला नाही ते एकेक जण उठून ह्यांच्या हाताचं कौतुक करत होते. ‘कोडमास्तर’ म्हणे. ‘मशीनच्या मनातलं ओळखणारा माणूस’ म्हणे. मी पहिल्या रांगेत बसले होते. शेजारची बाई सारखी माझ्या मांडीवर थाप मारून म्हणत होती, “नशीब काढलंत हो तुम्ही!”

“हो तर,” मी म्हटलं, “वैऱ्यालाही मिळू नये असं.”

ती खो खो हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मीही मग हसले. एवढ्या वर्षांत मला हसायची चांगली सवय झालीय.

खोटं कशाला बोलू, हुशार आहेत. पंक्चरच्या दुकानात चाकं उघडण्यापासून सुरुवात केली ह्यांनी. मग ट्रकची इंजिनं, मग खाणीतली अवजड मशिनं. तेव्हाचे मिस्त्री इंजिनाला कान लावायचे, धुराचा रंग बघायचे, तेल बोटावर घेऊन चोळायचे आणि शिवी हासडून काय ते सांगायचे. हेही त्यातलेच. पण पुढे खाणीत नवीन मशिनं आली, कॉम्प्युटरवाली. काही बिघडलं की समोर पिवळा नाहीतर लाल दिवा लागायचा आणि पडद्यावर एक नंबर यायचा. जुन्या मिस्त्र्यांनी हात टेकले. कुणी म्हणालं, आता आपलं काम संपलं. हे मात्र रोज संध्याकाळी ते जाडजूड कोडांचं पुस्तक घेऊन बसायला लागले. इंग्रजी धड येत नव्हतं, तरी एकेक शब्द कुणाकुणाला विचारून त्यांनी ते पुस्तक पचवलं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्याचं श्रेय मी नाकारणार नाही.

आणि त्यांनी एक गोष्ट फार लवकर ओळखली. नंबर फक्त तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. मशीन म्हणालं तेलाचा दाब कमी, तर दाब खरोखर कमी असेल. नाहीतर दाब ठीक आणि तो मोजणारा सेन्सर बिघडला असेल. नाहीतर दोन्ही ठणठणीत आणि मधली वायर उंदराने कुरतडली असेल. बाकीचे मिस्त्री नंबर दिसला की तो सेन्सर बदलून मोकळे व्हायचे. दुसऱ्या दिवशी तोच नंबर परत हजर. मग डोक्याला हात.

ह्यांची पद्धत वेगळी होती. अदलाबदल. खाणीत दोन लोडर होते, अगदी जुळे भाऊ, एकाच वर्षीचे. पहिल्या लोडरच्या सेन्सरवर संशय आला की हे तो काढून दुसऱ्या लोडरला लावायचे आणि दुसऱ्याचा पहिल्याला. दुखणं सेन्सरबरोबर तिकडे गेलं तर सेन्सर खराब. जागच्या जागी राहिलं तर वायर तपासा, इंजिन तपासा. साधी गोष्ट आहे, पण करायला धीर लागतो.

मला हे सगळं ठाऊक असण्याचं कारण म्हणजे मी तिथल्याच स्टोअरमध्ये होते. जाळीच्या खिडकीमागे बसून फिल्टर, पट्टे, नटबोल्ट, सेन्सर द्यायचं काम. हे खिडकीशी येऊन टेचात म्हणायचे, “मी तुझ्याकडून उगाच काही नेणार नाही. आधी खात्री, मग सामान.” आणि मी कधी काही विचारलं, की अमुक सेन्सर मागच्याच महिन्यात बदलला होता ना, तर लगेच, “तू सामान दे, अक्कल देऊ नकोस.” चारचौघांत. जाळीच्या पलीकडे उभे असलेले ड्रायव्हर दात काढायचे.

घरी आल्यावर जेवताना पुन्हा तेच पुराण. भाजीत मीठ पडलंय की नाही ह्यांना कळायचं नाही, पण कुठल्या डंपरचा कुठला कोड कसा पकडला ते रंगवून सांगायचे. ऐकणारे आम्ही दोघं. मी आणि बारक्या.

बारक्या माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला. मी त्याला माझ्याकडे घेऊन आले. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे घरात तोच. ह्यांनीही त्याला कधी परका मानला नाही, हे सांगायला हवं. लोडर चालवायला ह्यांनीच शिकवलं. शिकवताना पहिलं वाक्य काय, तर सकाळी किल्ली फिरवायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या. पाणी, तेल, पट्टा. मग देव भेटायला आला तरी त्याला थांबायला सांगायचं. बारक्याने ते असं डोक्यात बसवून घेतलं की सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्याची मोटारसायकल मागून नेतानाही आधी वाकून खाली बघायचा. मी चिडवायचे, “अरे, तिला पाणी लागत नाही रे बाबा!” तर म्हणायचा, “सवय मोडू नये ताई, दाजी म्हणतात.”

दाजी म्हणतात. दिवसातून शंभरदा. दाजींसारखा भांग, दाजींसारखी मान तिरकी करून चालणं, खोकायचा सुद्धा दाजींसारखा. वर्षा-दोन वर्षांत त्याला दुसऱ्या लोडरची गादी मिळाली. हात इतका हलका होता त्याचा, की डंपरमध्ये दगड ओतताना डंपरचा ड्रायव्हर केबिनमध्ये चहा प्यायचा आणि कप हलायचा नाही. त्या गादीवर बसला की तो कुणीतरी असायचा. बाकी आयुष्यात त्याच्याकडे होतंच काय?

तर त्या उन्हाळ्यात पहिल्या लोडरला एक कोड यायला लागला. इंजिन गरमच होत नाही, असं मशीनचं म्हणणं. तासन्‌तास दगड उचलतंय, तरी तापमानाचा काटा थंडच, आणि दिवसभर चालून झालं की मगच कोड उमटायचा. आता एक तर पाणी अडवून धरणारी झडप उघडी अडकली असेल, नाहीतर तापमान मोजणारा सेन्सर खोटं बोलत असेल. ह्यांनी नेहमीप्रमाणे अदलाबदल केली. दुसरा लोडर तेव्हा बंदच उभा होता, त्याच्या बकेटचे दात झिजले होते आणि वेल्डिंगचं काम चालू होतं. पहिल्याचा संशयित सेन्सर ह्यांनी दुसऱ्याला लावला, दुसऱ्याचा चांगला पहिल्याला. दोन्ही मशिनं चालू ठेवून बघितली. पहिल्याचा काटा बरोबर जागेवर आला आणि दुसऱ्याचा खालीच बसला. म्हणजे सेन्सर खराब. सिद्ध झालं.

माझ्याकडे नवा सेन्सर मागायला आले तर शिल्लक नव्हता. मागवला. तोवर पहिला लोडर क्रशरला दगड पुरवत होता, तो थांबवणं शक्य नव्हतं, म्हणून चांगला सेन्सर त्याच्यातच राहू दिला. खराब सेन्सर दुसऱ्यातच राहिला. बंद मशीन आहे, कोण चालवतंय?

असं अर्धवट काम राहिलं की मशीनच्या स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं, ही तिथली रीत. ते दिसलं की कुणी किल्लीला हात लावायचा नाही. ह्यांनी बांधलं नाही. फडकं बाकीच्या मिस्त्र्यांसाठी, ह्यांना कशाला? “माझ्या डोक्यात असतं सगळं,” हे ह्यांचं आवडतं वाक्य. त्या रात्री जेवताना त्यांनी ही अदलाबदल मला साग्रसंगीत सांगितली, मी नेहमीसारखी अर्ध्या कानाने ऐकली. बारक्या नेमका तेव्हा मित्राकडे गेला होता. तो घरी असता तर... जाऊ दे.

पुढे एक दिवस ह्यांना बाहेरच्या एका साइटवर बोलावणं आलं. तिथल्या मशीनचा कोड कुणालाच कळत नव्हता. हे इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉप घेऊन गेले. इकडे वेल्डिंग अपेक्षेपेक्षा लवकर संपलं. फोरमनने बारक्याला सांगितलं, काढ दुसरा लोडर.

दुपारच्या आधी बारक्या माझ्या खिडकीशी आला. घामाने निथळत होता.

“ताई, मशीन आज बरोबर वाटत नाही. ओढ नाही. केबिनमध्ये भट्टीसारखं गरम लागतंय. काटा मात्र खाली.”

“मग दाजींना फोन लाव की,” मी म्हटलं.

त्याने तिथेच उभं राहून लावला. आवाज नीट येत नव्हता म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडे माणसांची गर्दी होती, हसण्याचे आवाज येत होते. हे तिथे दरबार भरवून बसले असणार.

“दाजी, बॉनेटवर हात ठेववत नाही इतकं तापलंय.”

“काटा काय म्हणतोय?”

“काटा थंड आहे. पार खाली.”

“दिवा लागलाय? कोड आलाय?”

“नाही.”

“मग तुझ्या हाताला सेन्सरपेक्षा जास्त कळतं का रे?” पलीकडे हशा पिकला. “बघा, आमचा मेव्हणा हात लावून ताप बघतो! अरे, चालव बिनधास्त. काही झालं तर मी आहे ना.”

सकाळपासून दगड उचलणाऱ्या इंजिनाचा काटा पार खाली कसा? हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ह्यांनीच त्याला वेड्यात काढलं असतं. आपल्याच हाताने खराब सेन्सर त्या मशीनमध्ये घातलाय, हे ह्यांना तेव्हा आठवायला नको? पण समोर चार माणसं हसत होती ना. ह्यांना टाळी मिळाली की बाकी सगळं विसरतात. बारक्याने फोन खिशात ठेवला आणि म्हणाला, “दाजी म्हणतात चालव.” त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला होता.

त्या लोडरचा पंखा कॉम्प्युटरच्या हुकमाने फिरतो. इंजिन तापलं की जोरात, थंड असलं की हळू. आणि कॉम्प्युटर विश्वास ठेवतो त्या सेन्सरवर. सेन्सर म्हणत होता थंड आहे, म्हणून पंखा रमतगमत फिरत होता आणि इंजिन आतल्या आत उकळत होतं. चढावर, भरल्या बकेटसकट ते मोठा आवाज करून अडकलं. वाफेचा लोट माझ्या खिडकीतून दिसला. मी चप्पल न घालता धावले. बारक्या चाकाशी उभा होता, दोन्ही हात डोक्यावर. इंजिन कायमचं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टोअरचं कुलूप काढायच्या आत हे खिडकीशी उभे. सामानाची गाडी नुकतीच आली होती.

“तो टेंपरेचरचा सेन्सर आला असेल, दे.”

“आत्ता? कुठल्या मशीनला?”

“पहिल्या लोडरला. कशाला विचारतेस?”

मी दिला. ते पहिल्या लोडरकडे गेले नाहीत. मेलेल्या मशीनकडे गेले. मला वाटलं, बघायला गेले असतील. माझं डोकं तेव्हा बारक्यापाशी होतं. रात्रभर तो बसून होता. सकाळी निघताना त्याने माझा हात धरून बजावलं होतं, “ताई, फोनचं कुठे बोलू नकोस. दाजींचं नाव उगाच यात नको. शपथ आहे.”

चौकशी त्याच सकाळी ऑफिसात झाली. स्टोअर आणि ऑफिस यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत, शिंकलं तरी ऐकू येतं. मॅनेजर होते, बाहेरून बोलावलेला एक इंजिनिअर होता, हे लॅपटॉप जोडून बसले होते आणि समोर बारक्या उभा. इंजिनिअरला एकच कोडं पडलं होतं. इंजिन तापून गेलंय, आत पाण्याचा थेंब नाही, मग काटा का चढला नाही? सेन्सर काढून तपासला तर उत्तम आहे. असणारच, अर्ध्या तासापूर्वी डब्यातून निघालेला!

“सोपं आहे साहेब,” ह्यांचा आवाज आला. शांत, शिकवतानाचा आवाज. “सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तेव्हाच खरं सांगतो. पाणीच नसलं तर तो कोरडा लटकत राहतो. त्याला काय कळणार?”

“म्हणजे मशीन सुरू केलं तेव्हाच पाणी नव्हतं,” इंजिनिअर म्हणाला. “बरोबर. बसतंय.” मग बारक्याला विचारलं, “काल सकाळी पाणी बघितलं होतं?”

“बघितलं होतं साहेब.”

आणि ह्या माणसाने काय म्हणावं? मी भिंतीला कान लावून ऐकलंय. अगदी मायेने म्हणाले, “नीट आठव बारक्या. रोजच्या सवयीने बघितल्यासारखं वाटतं माणसाला. काल नक्की बघितलंस?”



“बघितलं असेल... बघतोच मी,” बारक्या म्हणाला.

“चालवताना काही वेगळं वाटलं? कुणाला विचारलंस?” मॅनेजरनी विचारलं.

“नाही साहेब. कुणाला नाही विचारलं.”

हे गप्प बसले. मूग गिळल्यासारखे. संपली चौकशी. खापर फुटलं बारक्याच्या डोक्यावर. गादी गेली. नोकरीवरून काढला नाही, उपकार केले म्हणे, आणि त्याला क्रशरच्या रस्त्यावर धूळ बसावी म्हणून पाइपने पाणी मारायला लावलं.

मला उलगडा त्याच संध्याकाळी झाला. भात लावत होते. मनात आलं, पहिल्या लोडरमध्ये तर चांगला सेन्सर आधीच बसवलेला आहे, तो छान चाललाय, मग नवा सेन्सर त्याला कशाला हवा होता? आणि मग सगळं एका झटक्यात समोर आलं.  मी गॅस बंद केला आणि बाहेर आले.

“तो खराब सेन्सर दुसऱ्यातच होता ना?”

हे टीव्ही बघत होते. आवाज कमी केला. “हळू बोल. शेजारी ऐकतील.”

“ऐकू देत! तुम्ही सकाळी जाऊन तो बदललात. आणि त्या पोराला विचारता, नीट आठव?”

“माझ्या लक्षातून गेलं,” ते म्हणाले. “माणूस आहे मी पण. पण आता सांगून इंजिन जिवंत होणार आहे का? माझं नाव गेलं की संपलंच. ह्या नावावर घर चाललंय. बारक्या तरुण आहे, ऑपरेटर कुठेही चिकटतो.”

“आणि त्याचं नाव?”

“वेळ बघून मी बोलतो साहेबांशी. तू मध्ये तोंड घालू नकोस.”

वेळ बघून! ती वेळ अजून बघतायत. मी रोज विचारायचे, बोललात का? कधी साहेब रजेवर, कधी साहेबांचा मूड नाही, कधी आज कसं, वार चांगला नाही. ह्या माणसाने कधी वार पाहिला नव्हता आयुष्यात.

तिकडे बारक्याचे हाल बघवत नव्हते. डंपरवाले जाताना खिडकीतून ओरडायचे, “काय रे, आज तरी पाणी बघितलंस का?” मग त्याला ‘पाणी’ म्हणूनच हाक मारायला लागले. तो हसायचा. राहायला त्याने खाणीवरच्या खोलीत जागा घेतली होती, म्हणाला, दाजींना माझ्यामुळे खाली बघावं लागतं, बरं दिसत नाही. एकदा मी त्याच्या खोलीवर गेले. निघताना त्याने कुलूप लावलं, चार पावलं चालला, परत जाऊन ओढून बघितलं. पुन्हा चालला, पुन्हा मागे. मी विचारलं, “हे काय रे?” तर म्हणाला, “माझं काही खरं नाही ताई. मला वाटतं मी केलं, आणि केलेलंच नसतं.”

ते ऐकलं आणि माझा संयम सुटला. दुसऱ्या दिवशी सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. फडकं, सेन्सर, अदलाबदल, फोन, सगळं सांगितलं. शपथ गेली खड्ड्यात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, “बाई, मला याचा अंदाज नव्हता असं समजू नका.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“लोडर चालवणारे मला उद्या सकाळी गेटवर उभे मिळतील,” ते म्हणाले. “कोड वाचणारा असा माणूस मिळत नाही. तुमच्या नवऱ्याला दुसरीकडून किती बोलावणी येतात माहीत आहे ना? तो गेला तर माझी सगळी मशिनं उभी राहतील. प्रकरण मिटलंय. घरचं भांडण घरात ठेवा.”

“आणि माझा भाऊ?”

“त्याला काढलं नाही, एवढं लक्षात ठेवा.”

मी केबिनमधून बाहेर आले तेव्हा माझे कान पेटले होते. त्या माणसाच्या तोंडावर काय काय बोलायचं होतं ते सगळं मला जिना उतरल्यावर सुचलं. तशीच क्रशरच्या रस्त्याने गेले. बारक्या पाइप धरून उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल. मी त्याच्या हातातून पाइप घेऊन खाली टाकला आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून त्याला सगळं सांगितलं. हे रागावतील, घर मोडेल, मला काही पर्वा राहिली नव्हती. मला वाटलं होतं तो चिडेल, दगड उचलेल, शिव्या देईल. द्याव्यात असंच वाटत होतं मला.

 तो अगदी हळू म्हणाला, “म्हणजे ताई, मी पाणी बघितलं होतं?”

“अरे, बघितलंच होतंस की!”

“तू होतीस का तिथे?”

“मी कशी असेन? पण तू रोज बघतोस.”

“रोजचं सोड. त्या दिवशीचं सांग.” माझा दंड त्याने घट्ट धरला होता. “मला आठवतच नाही गं. आधी आठवत होतं. टाकीचं झाकण, त्याच्यावरचा हात, सगळं. मग दाजी म्हणाले नीट आठव, आणि तेव्हापासून आठवायला गेलो की झाकण दिसतच नाही. दाजींना माहीत असेल. त्यांना सगळं कळतं मशीनचं. त्यांनी सांगितलं की मला पटेल.”

संध्याकाळी तो घरी आला. किती दिवसांनी उंबरा ओलांडला त्याने. मी पाट मांडला, तो बसला नाही. पाय धुऊन आला होता, तरी भिंतीला टेकून उभा राहिला. हे खुर्चीत होते. त्याला बघितल्यावर माझ्याकडे एक नजर टाकली, आणि मी काय केलंय ते त्यांना कळलं.

“दाजी,” बारक्या म्हणाला, “मी भांडायला आलो नाही. गादी परत नको मला. कुणाला काही सांगूही नका, तुमचं नाव आहे तसं राहू दे. इथे आपण तिघंच आहोत. फक्त एवढं सांगा, त्या दिवशी मी पाणी बघितलं होतं ना?”

 मी मनात म्हणत होते, बोला. अहो, बोला. एक ‘हो’ म्हणायचंय फक्त. त्याला काही मोल पडत नाही, कुणी ऐकत नाही, तुमचं काही जात नाही. इंजिनात पाणी होतं हे तुमच्याइतकं जगात कुणाला माहीत नाही. ह्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. ‘हो’ म्हटलं की बाकीचं सगळं कबूल केल्यासारखं होतं ना. बायकोसमोर, मेव्हण्यासमोर.

“मी कसं सांगणार?” ते म्हणाले. “मी तिथे नव्हतो.”

बारक्याने मान हलवली. “हो. तेही खरंच.”

तो वळला, चपला घातल्या. मी दारापर्यंत मागे गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो अलगद काढला.

“उगाच आशा लावलीस, ताई,” तो म्हणाला.